तीन कडव्यांची रेकॉर्ड

आमचं गाणं परक्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकलं ते स्टेशन रस्त्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानात. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी देशभक्तीच्या गाण्यांची एखादी रेकॉर्ड बघायला गेले होते. दुकानदार म्हातारा, अंगात नेहमी करड्या रंगाचा स्वेटर. मला बघून त्यानं चालू असलेली कव्वाली मध्येच उचलली.

"बाई, तुमारे त्योहार का गाना आया. मराठी में हय. सुनो जरा."

सुई टेकली. आधी व्हायोलिनं वाजली, मग एका बाईचा गोड, शिकलेला आवाज आला, "गोठ्याच्या दारी कुणी ठेविला दिवा..." माझ्या हातातली पर्स खाली पडली. दुकानदार हसला. त्याला वाटलं, मला फार आवडलं.

गाणं मला आवडत होतंच. सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत जन्मलेल्या प्रत्येकाला ते आवडत होतं. पण ते छापील पुस्तकातलं नव्हतं. ते आमच्या गायनवर्गाच्या मास्तरांचं होतं. मास्तर मिशनच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी हे गाणं केलं आणि तेव्हापासून नाताळात आमची फेरी घरोघर ते गात हिंडायची. चाल कशी सुचली हे मास्तर दर वर्षी सांगत. "पहाटे झोपेत ऐकू आली. उठलो, पेटीवर हात ठेवला, बोटं आपोआप फिरली." सांगताना त्यांचे डोळे मिटलेले असत.

मी रेकॉर्डवरचा कागद वाचला. गायिकेचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव. गीताच्या पुढे फक्त एक शब्द होता: पारंपरिक.

रेकॉर्ड विकत घेतली आणि तडक मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्याकडे फोनो नव्हता, माझ्याकडेही नव्हता, म्हणून त्यांना सायकल रिक्षात घालून परत दुकानात आणलं. मास्तर उभ्यानं ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "तीनच कडवी." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "कुणी दिलं?"

त्या दोन शब्दांनी पुढचे तीन महिने नासवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला आम्ही चौदा जण होतो. मास्तरांनी पेटी उघडलीच नाही. "ह्या गाण्याचा कागद आपल्याबाहेर कुणाकडं नाही," ते म्हणाले. "म्हणजे देणारा इथंच बसलाय." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. मंडळीत टेपरेकॉर्डर एकटीकडे होता, माझ्याकडे. माझा दादा कुवेतला नोकरीला होता. त्यानं तो पाठवला होता.

"गेल्या वर्षी सरावाला तू टेप केलं होतंस," मास्तर म्हणाले. "ती कॅसेट कुठाय?"

"पुसली," मी म्हणाले. "तिच्यावर मुलींच्या कविता टेप केल्या."

हे खोटं होतं. ती कॅसेट मी गेल्या नाताळाच्या आधी दादाला पाठवली होती, एका ओळखीच्या माणसाबरोबर. घरच्यांचे दोन शब्द, आईचा खोकला, कोंबड्याचं आरवणं आणि शेवटी आमचं गाणं. परमुलखात त्याला घरचा नाताळ ऐकायला मिळावा एवढंच मनात होतं. दादा तिकडे वाळवंटात पाइपांची मोजमापं घेत होता. त्याचा मुंबईच्या रेकॉर्डशी काय संबंध? मी स्वतःला असं समजावलं. पण खरं कारण वेगळं होतं. तेरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला भीती वाटली.

भ्यालेलं माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतं. मी दाखवलं.

"मी तर सोलापूरच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही," मी म्हणाले. "उन्हाळ्यात मुंबईला महिनाभर कोण होतं ते विचारा."

आमचा तबलजी गिरणीत बदली कामगार होता. तिशीचा, काळासावळा, मोहोळकडच्या खेड्यातला. उन्हाळ्यात गिरणी बंद होती तेव्हा तो मुंबईला मेहुण्याकडे गेला होता. कशाला, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं डग्ग्यावरचा हात काढला.

"ताई, माझं नाव घेताय व्हय?"

"नाव नाही घेतलं. मुंबईला कशाला गेला होता, एवढंच सांग."

"ते कशाला सांगू? माझं मी गेलतो."

"चांगल्या कामाला गेला असशील तर सांगायला काय हरकत आहे?" मास्तर म्हणाले.

तो मान खाली घालून तबल्याच्या वाद्या चाचपत बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो घाम आम्ही सगळ्यांनी पाहिला. मला सुटल्यासारखं वाटलं. आजही ते आठवलं की माझी मलाच किळस येते. त्यानं तबला-डग्गा गवसणीत घातला, चपला शोधल्या आणि दाराशी वळून म्हणाला, "मी दिलं न्हाय. तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि निघून गेला.

त्या नाताळात आम्ही ते गाणं म्हटलं नाही. मास्तरांनी बंदी घातली. फेरी निघाली, पण घरोघर लोक दारात उभे राहून विचारत, "आपलं गाणं?" आणि आम्ही दुसरंच काही सुरू करायचो. ज्यांच्याकडे फोनो होते त्यांच्या घरातून मात्र रेकॉर्ड वाजत होती. सरावाला खिडक्या बंद होऊ लागल्या. कागद मास्तर स्वतः वाटायचे आणि स्वतः गोळा करायचे. तबलजीच्या घरी करंज्या घेऊन कुणी गेलं नाही. त्याची बायको उपासनेला शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद संपायच्या आत उठून जायची. जानेवारीत कळलं, तो गिरणी सोडून श्रीपूरला साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला.

"बघ, पळाला," लोक म्हणाले. मीही म्हणाले. पण घरी आल्यावर मला चैन पडेना. ज्याच्यावर आपण आळ घेतला तो खरंच चोर आहे, हे मला स्वतःसाठी सिद्ध करायचं होतं. म्हणून मी त्या गाण्याच्या मागे लागले.

पाळकसाहेबांच्या कपाटात जुन्या गोऱ्या मिशनऱ्यांच्या वेळचा एक मोठा स्पूल टेप पडून होता. मशीन जेमतेम चालत होतं. त्यावर मास्तरांचा तरुण आवाज सापडला, गाण्याची चारही कडवी म्हणताना. चौथं कडवं आम्हा सगळ्यांच्या जिवाचं. "धनगरा, दे रे तुझी घोंगडी, बाळाच्या अंगाला झोंबते थंडी." ते सुरू झालं की फेरीतली माणसं खांद्यावरची शाल काढून शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगावर घालायची, तशी रीतच पडली होती. मग मी शाळेतल्या फोनोवर रेकॉर्ड लावली. तिसऱ्या कडव्यावर गाणं संपतं. पुन्हा लावली. पुन्हा तेच. चोरणाऱ्यानं चांगलं तेवढंच का सोडलं? तबलजी तर चौथ्या कडव्यालाच सगळ्यात रंगून वाजवायचा. मी म्हटलं, विसरला असेल. पण तो विसरेल हे माझं मलाच पटत नव्हतं.

त्याच सुमाराला वर्गात एक गोष्ट घडली. पाचवीच्या मुली शिवणाच्या तासाला बसल्या होत्या. त्यातली एक, पूर्व भागातल्या विणकराची मुलगी, टाके घालता घालता गुणगुणत होती. चाल आमच्या गाण्याची. शब्द तेलुगू.

"हे कुठं ऐकलंस?" मी एकदम विचारलं. आवाज चढला असावा, कारण मुलगी रडायलाच लागली.

"आमची अव्वा म्हणते, बाई."

रविवारी मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तिच्या घरी गेले. घरात दोन माग होते. मी आले म्हणून त्यांनी ते बंद केले, आणि सगळं घर एकदम गप्प झालं. मुलीची आजी सूत गुंडाळत बसली होती. तिला माझं यंत्र मुळीच आवडलं नाही.

"हे कशाला? आमचं गाणं घेऊन तुमी काय करता?"

"काही नाही, आजी. फक्त ऐकायचंय. हे नाताळचं गाणं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नाताळ? ते काय असतं? आमच्या अम्माचं गाणं हाय. पोरगं झोपवायचं."

"अर्थ काय त्याचा?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "माग थांबला, आता तरी झोप की, म्हणतंय."

तिनं ते म्हटलं. आवाज फाटलेला, पण चाल तीच. एक वळण मास्तरांपेक्षाही सुरेख होतं. मी टेप केलं आणि परतताना माझा संशय पहिल्यांदा वेगळ्याच माणसाकडे वळला. मास्तरांकडे. गाणं चोरीला गेलं म्हणून ते महिनाभर धड जेवले नव्हते. त्यांनीच ते आधी उचललं होतं की काय?

तसंच मी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. मास्तर एकटेच राहत. चहा टाकायला उठले, मी म्हटलं, "बसा," आणि टेप लावला. आजीचा आवाज खोलीत आला तशी त्यांनी पितळी पातेलं जमिनीवर ठेवलं. 

"ती जिवंत आहे?" टेप संपल्यावर त्यांनी विचारलं.

"कोण?"

"ही ती नव्हे बहुतेक. ती ह्या वेळेपर्यंत फार म्हातारी झाली असती." आणि मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यात नोकरीला असताना एकदा बायकांच्या वॉर्डात एक विणकरीण आपल्या आजारी सुनेपाशी राहिली होती. तिनं खाटेच्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधली होती आणि नातवाला झोका देताना ती हे म्हणायची. आठ-दहा दिवस मास्तर जखमा बांधता बांधता ऐकत होते. "नाव विचारलं नाही. शब्द विचारले नाहीत. मी आपला पट्ट्या बांधत होतो. पुढं वर्षभरानं नाताळच्या वेळी शब्द सुचले, चाल डोक्यात होतीच. लोकांनी विचारलं, चाल कुणाची? मी म्हटलं, झोपेत सुचली. एकदा बोललो ते बोललो. मग दर वर्षी तेच सांगत राहिलो."

"मग त्या रेकॉर्डवर पारंपरिक लिहिलंय, ते..."

"अर्धं खरं आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर जास्त लागलं. शब्द माझे आहेत गं. शब्द तरी माझे आहेत."

मला त्यांची कीव आली, पण विश्वास पूर्ण बसला नाही. जो माणूस वीस वर्षं एक गोष्ट लपवतो तो आणखीही काही लपवत असेल, असं मनात येत राहिलं. कदाचित त्यांनीच गाणं मुंबईला पाठवलं असेल आणि नाव छापलं नाही म्हणून आता बोंब मारत असतील. त्या दिवसांत माझं डोकं असंच चालायचं. स्वतःचं खोटं झाकलेलं असलं की दुसऱ्याचं खरंसुद्धा खोटं वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी दादा महिनाभराच्या रजेवर आला. बॅगेतून सेंट, नायलॉनच्या साड्या, आईला घड्याळ निघालं. मग एक कॅसेट काढून तो म्हणाला, "हे ऐक. तुला एकदम गंमत वाटेल."

तिकडे मराठी ख्रिस्ती पंचवीस-तीस माणसं होती. सव्वा वर्षापूर्वीच्या नाताळला ते एकाच्या खोलीत जमले होते. कॅसेटवर आधी भांड्यांचा आवाज, मग कुणीतरी डबा वाजवायला लागलं, आणि तीसभर पुरुष आमचं गाणं म्हणू लागले. भसाड्या आवाजात, पण जीव तोडून. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. मग टाळ्या.

"चौथं का नाही म्हटलं?" मी विचारलं. 

"चौथं? तुझ्या कॅसेटवर तीनच होती की. तिसरं संपलं आणि कट झालं. तुझी टेपच संपली होती बहुतेक." दादा उशीला टेकून हसत होता. "मला काय गाणी पाठ राहतात? लहानपणी म्हटलेलं सगळं विसरलो. आमच्यात मुंबईचा एक पेटीवाला होता, त्यानं बसवून घेतलं सगळ्यांकडून. फार आवडलं त्याला. कुणाचं आहे म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडं सगळे म्हणतात, जुनंच आहे. त्यानं लिहून घेतलं. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये तो कायमचा परत गेला मुंबईला."

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. आईनं बाहेरून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." तेही खोटंच.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. कुणाला कळायचं कारण नव्हतं. दादा परत जाणार होता, मास्तरांचं म्हणणं होतं की तबलजीनंच केलं, आणि तबलजी शहर सोडून गेला होता. गप्प बसले असते तर सगळं तसंच राहिलं असतं. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना तबलजीची बायको रेशनच्या रांगेत दिसली. मला पाहून तिनं पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. तिनं, ज्या बाईनं काहीच केलं नव्हतं तिनं, माझ्यापासून तोंड लपवावं हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. कॅसेट पुसली नव्हती हेही.

मास्तरांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्याला कधी सांगणार?"

रविवारी उपासना चुकवून मी दोन एसट्या बदलून श्रीपूरला गेले. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. मळीचा वास नाकात बसत होता. तबलजी बॉयलरवर होता. पाळी सुटल्यावर बाहेर आला. मला पाहून जागच्या जागी थांबला.

"आता काय गेलं चोरीला?" त्यानं विचारलं.

मी त्याला रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर बोलताच आलं नसतं. तो बशीत चहा ओतून घेत होता. प्यायला नाही. चहावर साय आली.

"म्हंजी तुमाला आदीपासनं ठावं हुतं, कॅसेट पुसली न्हाय म्हनून."

"होय."

"आन तरी माझं नाव घेतलं."

"होय."

तो गाड्यांकडे बघत राहिला. एका बैलाच्या नाकातून वाफ निघत होती. मग तो म्हणाला, "मी मुंबईला कशाला गेलतो, सांगू? आता सांगायला काय हरकत न्हाय. रेकॉर्डिंग करत्यात तिथं गेलतो. तबला वाजवायचं काम मिळतंय का बघाया. तीन दिस दारात हुबा ऱ्हायलो. दरवान आत सोडीना. शेवटच्या दिवशी एकजण भाईर आला, म्हनला, कुणाचा शागीर्द? मी म्हनलं, कुणाचाच न्हाय, सोलापूरच्या मंडळीत वाजवतो. त्यो हसला." त्यानं बशी खाली ठेवली. "हे तेरा मानसांत कसं सांगायचं, ताई? त्यापरीस चोर म्हनलेलं परवाडलं."

 मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही आणि टाकलीही नाही. "माझ्या बायकुला सांगा," तो म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरं सांगा. मला हितं सांगून काय उपेग?"

पुढच्या रविवारी मी उपासनेनंतर सगळ्या मंडळीपुढे उभी राहिले. कॅसेटचं सगळं सांगितलं. माझं संपल्यावर मास्तर उठले आणि त्यांनी दवाखान्यातल्या विणकरणीची गोष्ट सांगितली. आपण असं उठून सांगणार, हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. मंडळीतले काहीजण आम्हा दोघांशी वर्षभर नीट बोलले नाहीत. तबलजीच्या बायकोला मात्र त्या दिवशी बायकांनी दारातच गाठलं, आणि ती रडली. पाच-सहा घरच्या बायका तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेल्या.

मास्तरांनी मुंबईच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या गाण्याच्या आणखी रेकॉर्डी निघाल्या. एका पुरुषाच्या आवाजातली, एक मुलांच्या घोळक्याची, एक नुसत्या बासरीवर. लग्नातले बँडवालेही ते वाजवू लागले. सगळीकडे तीनच कडवी, आणि सगळ्यांवर पारंपरिक. प्रत्येक नवी निघाली की मी विकत आणायची आणि मास्तरांना ऐकवायची. बासरीवरची ऐकून ते म्हणाले होते, "ह्याला ते वळण सापडलंय. आजीबाईचं." आणि खूश झाले होते.

तबलजी त्या वर्षीच्या नाताळला आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सरावाला येऊन मागे बसला. वाजवायला कुणी आग्रह केला नाही. तिसऱ्या वर्षी तो आपणहून गवसणी सोडून पुढे बसला आणि मास्तरांनी पेटी उघडली. त्या दिवशी मी सवयीनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. तबला सुरात लावता लावता त्याचा हातोडा थांबला.

"बंद हाय न्हवं, ताई?"

"बंद आहे."

तो उठला, टेबलापाशी आला, वाकून बटणं नीट बघितली. मग परत जाऊन बसला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकत्र गायलो-वाजवलं, त्याच्या मुलीच्या लग्नात मी आठ दिवस राबले. पण सरावाला यंत्र निघालं की तो उठून बघून यायचा. मी कधी त्याला अडवलं नाही.